बिनसाखरेची नानकटाई

"तिला एकटंच आवडतं. तिची आईच सांगत होती मला."

माझ्या मागे बसलेल्या काकू हे त्यांच्या जावेला सांगत होत्या. आवाज हळू ठेवला होता, पण भट्टीच्या ओसरीवर हळू बोललेलंच जास्त ऐकू येतं, कारण बाकी सगळ्या मोठ्याने बोलत असतात. मी परातीत तूप फेसत होते. हात थांबवला नाही, मान वळवली नाही.

"भ्या न्हाई वाटत का तिला, एवढ्या घरात?" जाऊबाईंनी विचारलं.

"कशाचं भ्या? दार लावून बसून राह्यती लॅपटॉप घेऊन. हाक मारली तर 'हो काकू' न् 'नाही काकू', बस. इंग्लिश मीडियमची पोरं अशीच."

काकू आमच्या शेजारच्या. भिंतीला भिंत. त्यांनी वाईट काही म्हटलं नव्हतं. मी वर्षानुवर्षं त्यांच्याशी खरोखरच 'हो काकू' आणि 'नाही काकू' एवढंच बोलत आले आहे. मला लागलं ते पुढचं नव्हे, आधीचं. तिची आईच सांगत होती.

जालन्यातल्या मस्तगडात आमच्या गल्लीच्या तोंडाशी ही भट्टी आहे. वर्षभर तिथे पाव, टोस्ट आणि खारी निघते. दिवाळी जवळ आली की दुपारनंतर मात्र ती गल्लीतल्या बायकांची होते. मैदा, रवा, तूप, दळलेली साखर, रिकामा डबा, सगळं आपलं आपण न्यायचं. ओसरीवर बसून फेसायचं, मळायचं, गोळे करून काळ्या ट्रेमध्ये मांडायचे. भट्टीवाले चाचा लांब दांड्याच्या फळीवरून ट्रे आत सरकवतात. भाजल्यावर सगळ्यांची नानकटाई दिसायला सारखीच, म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली असते. कोणी चारोळी लावतं, कोणी लवंग टोचतं, कोणी काट्याने रेघा ओढतं. आमची खूण म्हणजे पेनाच्या टोपणाचा गोल. आई शिक्षिका आहे. लाल पेनाचं टोपण धुऊन ती प्रत्येक गोळ्यावर दाबत जायची, गृहपाठाच्या वह्यांवर सह्या कराव्यात तशी भराभर.

आमच्या घरी दिवाळीची पूजा नसते. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा ती थांबली, ती थांबलीच. पण गल्लीतून फराळाची ताटं येतात आणि ताट रिकामं परत पाठवायला आईला आवडत नाही. म्हणून नानकटाई. दर वर्षी आम्ही दोघी यायचो. ती गप्पा मारायची आणि मी गोळे करायचे. यंदा मी पहिल्यांदाच एकटी आले होते.

आईची शाळा तीर्थपुरीकडे आहे. दोन वर्षांपूर्वी बदली झाली. सुरुवातीला रोज एसटीने जाऊन-येऊन करायची, मग पाठ धरू लागली, तेव्हा तिथेच एक खोली घेतली. शनिवारी दुपारी येते, सोमवारी पहाटे जाते. बाबा मी बारावीत असतानाच गेले. भाऊ-बहीण नाही. मी एका कंपनीसाठी घरूनच इंग्रजी मजकूर तपासायचं काम करते. मीटिंगमध्ये सगळ्यांचे कॅमेरे बंद असतात. कधी कधी संध्याकाळी लक्षात येतं की दिवसभरात तोंडातून निघालेलं एकच वाक्य होतं, "येस, नोटेड." बाकी घरात फ्रिजचा आवाज. तो बंद पडला की मी काम थांबवून तो पुन्हा सुरू व्हायची वाट पाहते.

तर, "तिला एकटंच आवडतं" हे आईचं मत नव्हतं. ते वाक्य मीच तिला दिलं होतं. ती खोली घेऊ की नको या विचारात होती आणि तिच्याने पाठ दुखून बसवत नव्हतं. मी म्हणाले होते, "अगं जा ना. मला एकटीला आवडतं, शांत असतं." तिने ते जपून ठेवलं आणि कोणी विचारलं की सांगायला लागली. आता ते गल्लीत माझ्याआधी पोहोचलेलं असायचं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात काहीतरी ठरायचं होतं. जालन्याजवळच्या एका शाळेतल्या बाईंचं सासर तीर्थपुरीकडचं. त्यांना तिकडे जायचं होतं. त्यांनी आईला आपसी बदलीसाठी विचारलं होतं, म्हणजे तुम्ही माझ्या जागी या, मी तुमच्या जागी जाते. दोघी तयार असल्या तरच अर्ज करता येतो. शाळेला दिवाळीची सुट्टी लागेल त्या शनिवारी संध्याकाळपर्यंत आईने कळवायचं होतं. नाहीतर त्या बाई दुसरं कोणीतरी बघणार होत्या.

आईने फोनवर मला विचारलं होतं, "तुझं काय म्हणणं?"

मी म्हणाले, "तुझं तू बघ, आई. मला काही प्रॉब्लेम नाही."

ती "बरं," म्हणाली, आणि मग जेवले का ते विचारलं.

मला ठाऊक होतं की तिचं तिकडे चांगलं चाललंय. संध्याकाळी खोलीवर मुली पाढे म्हणायला येतात. घरमालकीण वरणाची वाटी आणून देते आणि तासभर बसते. बाबा गेल्यावर आईच्या आवाजातून जे काही निघून गेलं होतं, ते तीर्थपुरीत थोडं परत आलं होतं. फोनवर मला ते ऐकू यायचं. ते तिच्याकडून मागून कसं घ्यायचं? मी 'ये' म्हटलं तर ती येणार, यात मला शंका नव्हती. म्हणूनच म्हणवत नव्हतं.

ओसरीवर मी हाच विचार करत होते. डब्यातलं पांढरं पीठ तुपात घालून फेसत होते आणि मनात आईला सांगायचं वाक्य जुळवत होते. ते काही केल्या जुळत नव्हतं. इंग्रजीत जुळायचं, पण इंग्रजीत आईशी कोण बोलतं? फेसताना साखर हाताला खरखरते आणि हळूहळू विरते. त्या दिवशी काहीच खरखरलं नाही. हे मला कळायला हवं होतं. मी मैदा घातला, रवा घातला, वेलदोडा घालायचा राहिला, गोळे केले, दोन ट्रे भरले.

चाचांनी ट्रे उचलताना विचारलं, "बेटी, सब डाला ना बराबर?"

मी मान हलवली. ते ट्रे घेऊन आत गेले. टोपण माझ्या कुर्त्याच्या खिशात होतं. ते तिथेच राहिलं.

संध्याकाळी गरम डबा घेऊन घरी आले तर ओट्यावर दळलेल्या साखरेचा डबा. झाकण लावलेला, काठोकाठ भरलेला. त्याच्यासारखाच दुसरा डबा माझ्या पिशवीत होता, आणि त्यात चकलीसाठी आणलेलं तांदळाचं पीठ होतं. म्हणजे आता नव्हतं. मी वरची एक नानकटाई उचलून खाल्ली. तुपाचा वास छान येत होता. चव भिंतीची होती.

लक्ष नसलं की माझ्या हातून भाजण्याचं काम हमखास बिघडतं. इतर स्वयंपाक सांभाळून घेतो. भाजीत मीठ राहिलं तर वरून टाकता येतं. केकचं तसं नाही. एकदा आत गेला की तुम्ही आधी काय केलंत तेच बाहेर येतं. माझा पहिला केक मी कुकरमध्ये केला होता, तळाशी मिठाचा थर देऊन, शिट्टी काढून. आई पहिल्यांदा खोलीवर राहायला गेली तो दिवस होता. पोहोचले म्हणून तिचा फोन आला. बोलणं दोन मिनिटांचं झालं, पण नंतर मी फोन हातात धरून तशीच बसून राहिले. धुराच्या वासाने उठले. ते भांडं अजून ओट्याखाली आहे, घासून निघत नाही.

मग पगारातून छोटा ओव्हन घेतला. एकदा सोडा घातला की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातला. केक कपडे धुवायच्या साबणासारखा लागला. एकदा गल्लीत लग्न होतं, मलाही बोलावलं होतं, मी गेले नव्हते. घरात बसून बँड ऐकत ओव्हन लावला आणि बराच वेळ त्याच्या काचेसमोर उभी होते. काहीच फुगेना. फुगणार काय, मिश्रणाचं भांडं ओट्यावरच होतं. मी रिकामा ओव्हन भाजत होते.

या गोष्टी खरं तर हसण्यासारख्या आहेत. पण हसायला समोर दुसरं कोणीतरी लागतं. एकटीने जाळलेला केक हा नुसता जळलेला केक असतो, तो कचऱ्याच्या पिशवीत घालून वर गाठ मारायची. आईला मी फक्त नीट झालेल्या केकचे फोटो पाठवत असे. तिकडून अंगठा यायचा, कधी फुलं. तिच्या हिशोबी मी एव्हाना पट्टीची केकवाली झाले होते.

शनिवारी दुपारी आई आली. खांद्याला पर्स, हातात पिशवी, पिशवीत घरमालकिणीने दिलेल्या मोसंब्या. हातपाय धुऊन ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि डबा उघडला. मी मागे उभी होते. आधीच सांगून टाकायचं ठरवलं होतं, पण ती आल्या आल्या सुट्टी, एसटीतली गर्दी, वर्गातल्या एका मुलीचे पडलेले दात, असं सगळं भराभर सांगत होती आणि मला मध्ये शिरायला जागा सापडेना.

"टोपण न्हाई दाबलंस?" तिने डब्यात पाहत विचारलं.

"राहिलं."

वरच्या थराला बाजूला सारून तिने तळातली एक काढली. तिला जास्त भाजलेली लागते. अर्धी तोंडात घातली, चावली, मान डोलावली. "चांगली झालीय गं," म्हणाली. उरलेली अर्धीही खाल्ली. बोटं चाटली.

मी तिच्याकडे पाहत राहिले. माझ्यासाठी ती भिंतीच्या चवीची नानकटाई हसत हसत गिळत होती. मला एकदम फार थकल्यासारखं झालं. म्हणजे हीसुद्धा असंच करते. मी सगळं छान आहे म्हणते आणि ती सगळं चांगलं झालंय म्हणते, आणि आम्ही दोघी आठवड्यातून दीड दिवस एकमेकींना हेच वाढत बसतो. तिकडची तिची मजा तरी खरी आहे की मला बरं वाटावं म्हणून सांगते? आणि ती तिथे खूश नसली, तर मी इथे कोणासाठी गप्प बसले आहे?

आईने चष्मा लावला, पर्समधून फोन काढला. "त्या मॅडमला सांगून टाकते. वाट बघत असतील."

"काय सांगणार?" मी विचारलं.

"राहू द्या म्हणते. माझं तिकडं बसलंय आता. तुझंबी इथं तुझ्या मनासारखं चाललंय. कशाला उगी ढवळायचं." हजेरी घ्यावी तशा एका सुरात ती बोलली. माझ्याकडे न पाहता नंबर शोधला, कानाला लावला. "लागून न्हाई राह्यला. बिझी येतोय."

तेवढ्यात दार वाजलं. काकू होत्या, हातात स्टीलचा डबा.

"आल्या का मॅडम? लागली एकदाची सुट्टी? मंग आता हे घ्या तुमचं," असं म्हणत त्यांनी डबा आईच्या पुढ्यात ठेवला. "शुगरवाल्यांसाठी केली का काय ही? आमच्या ह्यांनी चहात बुडवून खाल्ली न् मला म्हणले, हे बिस्कीट हाय का खडू?"

आईला काही कळेना. काकूंनी खुर्ची ओढून घेतली आणि सांगितलं की त्यांची चारोळी सरल्ती, म्हणून त्यांचा शेवटचा ट्रे बिनखुणेचा राहिला. इकडे आमच्या ट्रेवरही टोपण नव्हतं. चाचांनी दोन्ही घरांची अदलाबदल करून टाकली. आमचा एक ट्रे त्यांच्याकडे गेला आणि त्यांचा आमच्याकडे.

"पण आमची तर गोड हाय," आई म्हणाली. "आत्ता खाल्ली मी."

"कुठली खाल्ली? दाखवा बरं."

आईने तळातली काढून दिली. काकूंनी तुकडा मोडून नाकाशी धरला. "ही आमचीच. वेलदोडा हाय बघा. जल्दी भरला असंल डबा, खाली आमची, वर तुमची."

आईने मग वरची एक चाखली. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिने ती सरळ हातात काढून घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. "काय घातलंस गं हे?"

मी ओट्यावरच्या साखरेच्या डब्याकडे बोट दाखवलं. मग शेजारच्या रिकाम्या डब्याकडे. "तांदळाचं पीठ."

काकू हसायला लागल्या, मग आई, आणि मग, मला थांबवताच येईना, मीही. आई हसताना पदराने डोळे पुसते, तसे पुसत होती. त्या घरात दोन वर्षांत एवढा आवाज झाला नव्हता. "ध्यान कुठं होतं तुझं? मी मागंच बसल्ते की," काकू म्हणाल्या, "इचारायचं तरी." मी 'हो काकू' म्हणाले. त्यांचं वाक्य कानात घेऊन मी घरी आले होते, हे त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. "आमची राहू द्या तुम्हालाच," म्हणत त्या रिकामा डबा घेऊन आणि तीन मोसंब्या पदरात घालून गेल्या.

दार लावून मी परत आले तर आई अजून अधूनमधून हसत होती. टेबलावर तिने दोन ढीग केले होते, गोड आणि बिनगोड, प्रत्येकीचा कोपरा मोडून चाखत. म्हणजे मघाशी ती खोटं बोलली नव्हती. तिच्या तोंडात गोड आलं होतं म्हणून तिने चांगलं म्हटलं, आणि बेचव आलं तेव्हा तोंड वाकडं करून हातात काढलं. माझ्यासमोर, काकूंसमोर, काही न लपवता. ती तशीच आहे, कायमच तशी होती. ती जे ऐकते ते खरं धरते. मी तिला शांत आवडतं असं सांगितलं, तिने तेच खरं धरलं आणि त्यावर दोन वर्षं खोलीचं भाडं भरलं. न सांगितलेलं ओळखून घेण्याची अपेक्षा मी तिच्याकडून करत होते, आणि ती तिकडे बसून माझ्या फोटोंना अंगठे पाठवत होती.

तिचा फोन वाजला. तिने चष्म्यातून नाव पाहिलं. त्याच बाई होत्या.

"हां मॅडम, बोला. मीच लावून राह्यले होते मघाशी." आई टेबलावरचा भुगा तळहाताने गोळा करत बोलत होती. तिकडून त्या काहीतरी लांबलचक सांगत होत्या. आई हं, हं म्हणत होती. "न्हाई, न्हाई, तुमचं बराबर हाय. माझा इचार असा झाला की..."

मला ओव्हनची काच आठवली. आत दिवा लागलेला आणि मी समोर उभी, काहीतरी वर येण्याची वाट पाहत.

"...असा झाला की राहू द्यावं. न्हाई हो, पाठीचं काही न्हाई. पोरीचंच बघायचं होतं, तर तिचं काही अडून न्हाई राह्यलं. तिला तर..."

पुढचं वाक्य मला पाठ होतं. मी टेबलाच्या या बाजूने हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं. तळहातातला भुगा सांडला. तिने बोलणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. फोन कानालाच होता, त्यामुळे त्या बाईंनीही ऐकलं असणार. माझा आवाज माझ्याच ओळखीचा नव्हता, फार मोठा आला, कदाचित भिंतीपलीकडेही गेला असेल.

"आई, अडतंय माझं. मला एकटीला करमत नाही. तू ये."